पंधराचे अठरा

हिम्मतराव बोलत मराठीत, भांडत दखनीत आणि आकडे मोजत उर्दूत. जन्म उदगीरकडच्या शेतकरी घरातला आणि शाळा निजामाच्या राज्यातली, त्यामुळे पाढे उर्दूतच पाठ झालेले. पुढे राज्य गेले, शाळेतली भाषा बदलली, पाढे मात्र तसेच राहिले. हैदराबादेत बालानगरच्या आमच्या कारखान्यात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षे बसलो. गिऱ्हाइकाच्या पत्रातला आकडा ते मोठ्याने वाचत, "पंद्रह," आणि मी तो डेटा शीटवर लिहून घेई. त्या शीटवरून ते गणित मांडत. त्या कामात एकदा जे घडले ते मला लिहायचे आहे. माझ्या हातून ते नीट लिहिले जाईल की नाही कुणास ठाऊक. पण हिम्मतराव गेले, त्यांच्या पत्नी भामावहिनीही गेल्या, आणि आता ते मुळापासून सांगणारा मीच उरलो आहे.

आमचा कारखाना कंट्रोल व्हॉल्व्ह बनवी. घरातला नळ आपण हाताने कमीजास्त करतो. कारखान्यातल्या मोठ्या पाइपांवरचा नळ हवेच्या दाबाने आपला आपण कमीजास्त होतो, तोच कंट्रोल व्हॉल्व्ह. वर पसरट डोके, खाली सरकणारा दांडा, आणि आत सीट नावाच्या गोल भोकावर बसणारा प्लग. दांडा वर गेला की पाणी जास्त, खाली आला की कमी. साखर कारखान्याला वाफेसाठी लागतो, डेअरीला दुधासाठी, औषधवाल्यांना पाण्यासाठी. कुठे केवढा बसवायचा हे ठरवायचे टेबल हिम्मतरावांचे.

ते कॉलेजात गेलेले नव्हते. अठराव्या वर्षी हैदराबादेत आले आणि एका गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये पंपावर लागले. तिथे त्यांना पाइपांचा आवाज ऐकायची सवय लागली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पाइपावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभे राहायचे. आत पाणी कसे चालले आहे ते त्यांना कळे. फिटर असतानाच त्यांनी डिप्लोमा केला, गणित शिकले, स्लाइड रूल नावाच्या सरकपट्टीवर आकडेमोड शिकले. पण गणिताचे उत्तर आले तरी जमेल तेव्हा जागेवर जाऊन कान लावल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे.

टेबलाशी कुणी नवा माणूस आला, की ते दोन कागद हातात उभे धरून विचारत, "मधे फुंकर मारली तर काय होईल?"

"लांब जातील."

"मारा."

तो फुंकर मारी आणि कागद एकमेकांना चिकटत. हिम्मतराव खूश होत. "पाण्याचंबी असंच आहे. निमुळत्या जागेत त्याला घाई होते, आणि घाई झाली की दाब उतरतो. लई उतरला, तर थंड पाणीसुद्धा उकळतं. फुगे येतात. पुढं जागा रुंद झाली, दाब परत आला, की ते फुगे फुटतात. एकेक फुगा म्हणजे छिन्नीचा घाव. पोलाद खातो तो."

पाइप तीन इंची आहे म्हणून व्हॉल्व्हही तीन इंची द्या, असे कुणी म्हणाले की त्यांचे डोके फिरे. "पायाचं माप देऊन टोपी मागूलालाव का तुम्ही?" व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा देणे त्यांना पाप वाटे. ते म्हणत, "बारका पडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ओरडतं. मोठा झाला तर कुणीच ओरडत नाही. तो बिचारा जरासाच उघडतो, आणि त्या फटीतून जाणारं पाणी त्याला आतल्या आत खातं."

मी हे हजारदा ऐकले होते.

एक्क्याण्णवनंतर बाहेरच्या मालावरची जकात उतरली आणि परदेशी व्हॉल्व्ह आमच्याच गिऱ्हाइकांच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या साहेबांनी वेळीच एका इटालियन कंपनीशी करार केला. त्र्याण्णव साली त्या कराराबरोबर एक कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी काचेची थंड खोली आली, आणि पुण्याहून पल्लवी नावाची सव्वीस वर्षांची इंजिनिअर आली. आकडे घातले की कॉम्प्युटर व्हॉल्व्हचे माप सांगणार होता.

पहिल्या दिवशी हिम्मतराव दारात चपला काढताना म्हणाले, "देवळात आलो का काय मी? घंटा कुठंय?"

"धूळ चालत नाही हो त्याला," पल्लवी म्हणाली.

"आणि तू काय करूलालीस या थंडीत?"

"करूलालीस म्हणजे?"

"घ्या! करूलालीस म्हणजे करते आहेस. पुण्याची आहे म्हणे. मराठी येत नाही पोरीला."

ती हसत सुटली. त्या दिवसापासून ते तिचे काका झाले. ती यंत्रावर माप काढी, ते स्लाइड रूलवर काढत, आणि दोन्ही उत्तरे जुळली की ते यंत्राकडे पाहून म्हणत, "हुशार आहे. नोकरी द्या याला." जेवणाच्या सुट्टीत ते तिला दखनी शिकवत. ती "नक्को" इतके नाजूक म्हणे, की हिम्मतराव म्हणत, "असं म्हटलं तर समोरचा अजून वाढील ना ताटात."

पण इटालियन लोकांना दोन पद्धती नको होत्या. त्यांच्या पत्रात तसे सूचकपणे येई. साहेब टाळत होते. हिम्मतरावांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती.

त्यातच औषधांच्या एका कारखान्याची तक्रार आली. चाळीस व्हॉल्व्हची मागणी होती, पहिले सहा बसवले होते. एका मोठ्या भांड्यात औषध शिजते, भांड्याच्या बाहेरच्या कवचातून थंड पाणी फिरते आणि आमचा व्हॉल्व्ह ते पाणी कमीजास्त करतो, अशी व्यवस्था. भांड्याची उष्णता एका जागी ठरतच नव्हती. औषधाचा एक घाणा वाया गेला होता. तक्रारीची प्रत इटलीला गेली आणि आठवड्यात उत्तर आले. निवड चुकली आहे. उलगडा न झाल्यास हाताने निवड करण्याचे टेबल बंद करावे.

साहेबांनी हिम्मतरावांना बोलावले. मी कागद घेऊन बरोबर होतो.

"हिम्मतराव, मेरे हाथ में कुछ नहीं," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत मला सांगा काय झालं. नाहीतर तुम्हाला स्टोअरला बसावं लागेल. पगार तोच राहील."

"पगाराचं कोण विचारूलालंय साहेब," हिम्मतराव म्हणाले. "स्टोअरात मी काय ऐकू? नटबोल्ट?"

इथे मला एक सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल.

ब्याऐंशी साली एका तेल गिरणीला दिलेला व्हॉल्व्ह लहान पडला. चूक गिरणीवाल्यांची होती, त्यांनी आकडाच कमी कळवला होता. पण त्यांचा मालक थेट आमच्या टेबलाशी आला आणि शीटवर अक्षर माझे आहे हे पाहून सगळ्या ऑफिससमोर मला बोलला. हिम्मतरावांनी त्याला हाताला धरून बाहेर नेले, आत येऊन माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "सोड रे, त्याचं डोकं तेलकट आहे." त्यांनी सोडले. माझ्याने सुटले नाही. त्यानंतर ते आकडा वाचत आणि मी मनातल्या मनात त्यात पाचवा हिस्सा घालून लिही. दहाचे बारा, वीसचे चोवीस. लहान पडायला नको, एवढेच मनात असे. अकरा वर्षे मी हे करत होतो आणि कुणालाही माहीत नव्हते. एकदा लिहिलेला आकडा हिम्मतराव पुन्हा पत्राशी ताडून पाहत नसत. त्याची गरज त्यांना कधी वाटलीच नाही.

त्या औषध कारखान्याच्या पत्रात, तासाला किती हजार लिटर पाणी या जागी, पंधरा होते. हिम्मतरावांनी "पंद्रह" वाचले होते. मी अठरा लिहिले होते.

बुधवारी आम्ही तिघे तिथे गेलो. हिम्मतराव, पल्लवी आणि मी. तिथला फोरमन यादगिरी आमची वाटच पाहत होता.

"आओ साब, देखो तुमारा वाल! पागल हो गया. खुलता, बंद होता, खुलता, बंद होता. दिन भर येइच कररा."

उष्णता नोंदवणाऱ्या यंत्रात गोल कागद फिरत होता आणि त्यावर पेन ओळ काढत होते. ओळ सरळ हवी. इथे करवतीचे दात निघाले होते. हिम्मतरावांनी पाइपाला कान लावला आणि लगेच काढला. "खडी वाहूलालीय आत," ते म्हणाले. फुटणाऱ्या फुग्यांचा आवाज खडीसारखाच येतो. मग माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी दांड्यावर रेघ मारली आणि अर्धा तास नुसते पाहत बसले. दांडा दोन सेंटिमीटर सरकू शकत होता. तो दोन मिलिमीटरच्या आतच वरखाली करत होता.

"मोठा आहे," ते हळूच म्हणाले. "लई मोठा दिलाय आपण."

"पण काका, अठराला यंत्रानेही हाच दोन इंची सांगितला होता," पल्लवी म्हणाली. "माझ्याकडे कागद आहे."

"मग अठराच खोटं आहे. यादगिरी, दोनशे लिटरचा एखादा रिकामा ड्रम मिळंल का?"

पाणी कवचातून बाहेर येऊन एका उघड्या टाकीत पडत होते. भांडे सर्वांत जास्त तापते त्या वेळी त्यांनी पाण्याखाली ड्रम धरायला लावला आणि पल्लवीने घड्याळ लावले. बहात्तर सेकंदांत ड्रम भरला. हिम्मतरावांचे ओठ उर्दूत हलले. "तासाला दहा हजार लिटर. म्हणजे दहा. अठरा कुठनं आले?"

तिथला इंजिनिअर अनिल जवळच उभा होता. बिचारा ओशाळला. "दहा लागतात हे आम्हाला माहीत होतं. मी सल्लागारांना बारा कळवले. थोडे हाताशी असावेत म्हणून."

"आणि सल्लागारांनी?"

"पंधरा केले. त्यांचा तसा नियमच आहे."

"पंधरा," हिम्मतराव म्हणाले. "पंधराला दीड इंची पुरला असता. काठावर, पण पुरला असता. तुमच्या पत्रात अठरा होतं."

"नाही हो. पंधराच." अनिलने फाइल आणली.

पत्राची ती प्रत फिकट होती. हिम्मतरावांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे असे डॉक्टरांनी त्यांना दिवाळीतच सांगितले होते.

"पंधरा आहे का गं?" त्यांनी पल्लवीला विचारले.

"हो काका. स्पष्ट दिसतंय की."

तिने सहज म्हटले. हिम्मतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. "मग मीच अठरा वाचलं असणार," ते म्हणाले. "सुधीर लिहिणारा. मी सांगितलं ते त्यानं लिहिलं."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडले असते तर दोन शब्दांचे काम होते. मी उघडले नाही.

गुरुवारी ते ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "मी वाचतो, पण तूबी बघत जा. दोनदा म्हण." मी प्रत्येक आकडा दोनदा म्हणू लागलो. दुपारी त्यांनी आपल्या जुन्या वह्या पल्लवीच्या खोलीत नेऊन ठेवल्या. तिला कळेना.

"हे काय काका?"

"तुझ्याकडं असू दे. कुठल्या गिरणीत काय ऐकलं ते सगळं लिहिलेलं आहे. उर्दू आकडे तुला सुधीर समजावून देईल."

"पण का?"

"डोळा गेला गं माझा. चूक सापडली, एवढं बरं झालं. सोमवारी साहेबांना सांगतो आणि टेबल तुला देतो. स्टोअरात काय, मोठ्या मोठ्या वस्तू असतात. दिसतील."

ती माझ्याकडे पाहू लागली. मी शीट चाळत बसलो. शुक्रवारी त्यांनी दहा मिनिटांच्या गणिताला तास लावला. एकेक आकडा ते बोटाने धरत होते. ज्या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही "बहुतेक" हा शब्द वापरला नव्हता, तो माणूस शनिवारी एका गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाला, "बहुतेक दीड इंची. पण पल्लवीबाईंना विचारून सांगतो."

ते मला सहन झाले नाही.

रविवारी सकाळी तारनाक्याहून बस धरून मी हिमायतनगरला त्यांच्या घरी गेलो. भामावहिनींनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मराठवाड्यातल्या घरी रविवारी तो असायचाच. हिम्मतराव अंगणाकडच्या दारात बसून साहेबांसाठी अर्ज लिहीत होते.

"या भावजी, तुम्हीच सांगा यांना," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस झाले, जेवताना भात चिवडत बसतात. खडा दिसत नाही म्हणे. माझ्या भातात खडा असतो होय?"

"तू गप गं. सुधीर, बस. हे वाच जरा, शुद्ध आहे का बघ."

मी बसलो नाही. बसलो असतो तर सुशीला खाल्ला असता, चहा प्यालो असतो आणि निघून आलो असतो. मला स्वतःची खात्री होती ती एवढीच.

"हिम्मतराव, तुम्ही पंधराच वाचले होते."

"आँ?"

"त्या दिवशी. तुम्ही 'पंद्रह' म्हणालात. मी अठरा लिहिले."

"ऐकण्यात चुकलं असंल."

"ऐकण्यात नाही. मी मुद्दाम लिहिले. पाचवा हिस्सा वाढवून."

वहिनींचा हात कढईतच थांबला. मी तेल गिरणीपासूनचे सगळे सांगून टाकले. भराभर सांगितले, मधे थांबलो नाही.

"नेहमी?" त्यांनी विचारले.

"नेहमी."

"अकरा वर्षं?"

"हो."

ते उठले. मला वाटले आता हात उगारतील. पण ते माझ्या बाजूने खोलीत गेले, समोरच्या भिंतीपासून चार पावलांवर उभे राहिले आणि तिथल्या कॅलेंडरावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचू लागले. "गुरुवार, संकष्टी. चंद्रोदय नऊ वाजून... भामा, नऊ सोळा आहे का?"

वहिनी जाऊन पाहून आल्या. "नऊ सोळाच."

"दिसूलालंय की मला!"

"मी काय सांगत होते मग? भाजीत केस असला तर ह्या टोकावरून दिसतो यांना."

ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"क्या मियाँ," ते म्हणाले, आणि त्यांनी दखनी धरली म्हणजे काय ते मला ठाऊक होते. "ग्यारा बरस! मैं हिसाब करतूँ, दशांश के तीन-तीन घर तक करतूँ, और तुम पहलेइच उसमें बालटी भर पानी डाल को बैठे?" मग त्यांचा आवाज खाली आला आणि ते मराठीत आले. "खोट्या आकड्यांवर खरी गणितं केली की रे मी. अकरा वर्षं. आणि लोकांना छाती ठोकून सांगितली."

ते खाली बसले.

"तू मला एकदा म्हणायचं होतंस, 'हिम्मतराव, मला भीती वाटते.' एवढंच म्हणायचं होतं. मी काय तुला खाल्लं असतं?"

"आता दोघंबी खा," वहिनी म्हणाल्या आणि दोन ताटल्या आमच्यामधे ठेवल्या. "गार होऊलालाय."

आम्ही खाल्ले. ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी अर्जाचा कागद उलटा करून पाठीमागे लिहायला सुरुवात केली. साखर कारखाने, डेअऱ्या, गिरण्या. एकेक नाव लिहून ते विचारत, "यात?" आणि मी म्हणे, "हो." एक कागद भरला, दुसरा घेतला.

सोमवारी मी साहेबांसमोर सगळे सांगितले. माझा आवाज इतका लहान होता, की साहेबांनी पंखा बंद करायला लावला. पल्लवीने यंत्रावर दहा घालून आणि अठरा घालून आलेली दोन्ही उत्तरे त्यांच्यापुढे ठेवली. व्हॉल्व्ह अख्खे बदलायची गरज नव्हती. बाहेरचे शरीर तेच ठेवून आत लहान सीट आणि लहान प्लग बसवला की काम होणार होते. राहिलेले चौतीस अजून आमच्याकडेच पडून होते.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. "हिम्मतराव, आपका टेबल आपके पास," ते म्हणाले. "इटलीला मी लिहितो. चूक निवडीत नव्हती, आकड्यात होती. कॉम्प्युटरनं निवड केली असती तरी हेच झालं असतं." मग माझ्याकडे वळले. "सुधीर, तू उद्यापासून डिस्पॅचला."

मला ते रास्त वाटले. मी मान हलवली.

"नक्को साहेब," हिम्मतराव म्हणाले.

"आता का नक्को?"

"याला हलवलात तर माझं काम अडतं. अकरा वर्षांत कुठं किती वाढवलंय, हे याच्याशिवाय कुणाला माहीत आहे? ते सगळे व्हॉल्व्ह मला बघायचेत. हा चोर मला बरोबर पाहिजे."

साहेब हसले. पल्लवी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली.

त्याच आठवड्यात हिम्मतरावांनी डेटा शीटमध्ये एक नवा रकाना आखून घेतला. डोक्यावर लिहिले, 'वाढवलं कुणी, किती.' गिऱ्हाइकाला फोन करून ते विचारत, खरा आकडा किती, तुमच्याकडे किती चढला, सल्लागाराकडे किती. सुरुवातीला लोक चिडत. मग सांगू लागले. पल्लवीने तो रकाना आपल्या यंत्रातही घातला. इटलीहून विचारणा आली की हे काय, तर तिने इंग्रजीत एक पान भरून समजावले. त्यांना पटले असावे, कारण पुन्हा विचारले नाही.

औषध कारखान्यात लहान प्लग बसवले त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दांडा मधोमध येऊन स्थिरावला. कागदावरची ओळ आधी जराशी हलली, मग सरळ निघाली. यादगिरी बराच वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "साब, इसका बुखार उतर गया."

मग आमचे शनिवार सुरू झाले. अर्धा दिवस काम झाले की हिम्मतरावांची स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर ती यादी. पहिले दोन शनिवार ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या शनिवारी पाटणचेरूला एका हॉटेलात त्यांनी आपणहून मला भजी मागवली. पाहिलेल्या व्हॉल्व्हपैकी तिसरा हिस्सा तरी आतून खाल्लेला निघे. ते प्लग बाहेर काढत, त्यावरचे खड्डे बोटाने मला चाचपायला लावत आणि काही बोलत नसत. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी मला कान लावायलाही शिकवले. मला आधी काहीच ऐकू येईना. पुष्कळ शनिवारांनी, शहराबाहेरच्या एका गिरणीत, मला पहिल्यांदा खडी ऐकू आली. मी डोळे उघडले तर ते माझ्याकडेच पाहत होते.

यादी संपायला दीड वर्ष लागले. शेवटचे नाव एका डेअरीचे होते. शहाऐंशी सालचा व्हॉल्व्ह, वीसचे मी चोवीस केलेले. हिम्मतरावांनी कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला लावायला सांगितले. आत पाणी गुळगुळीत चालले होते. डेअरीचा माणूस म्हणाला, मधे दोन वेळा काम वाढले, आता तासाला चोवीसच लागतात.

मी हिम्मतरावांकडे पाहिले.

"फुगू नकोस," ते म्हणाले. "हे गाई-म्हशींचं पुण्य आहे, तुझं नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तोंडावर दिसूलालंय. डोळे चांगले आहेत माझे."

त्यांनी यादी माझ्याकडून घेतली, स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि खिशातले पेन काढले. डेअरीच्या नावापुढे 'बरोबर' असे लिहिले. जरा विचार केला. मग 'वाढवलं कुणी, किती' हा रकाना तिथेही आखला आणि आपल्या वळणदार अक्षरात, हळू, एकेक शब्द पुरा करत लिहिले: सुधीर, पाचवा हिस्सा.